पडद्याआडचा गलका

ऑगस्टस क्रोलने पदाच्या कागदाची चौघडी घातली आणि वाकून ती टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. मग टेबलावर दोन्ही हात रोवून त्याने जोर देऊन पाहिले. टेबल हलले नाही.

"बघा कविराज," तो म्हणाला, "शेवटी आलं की नाही कामाला?"

रंगमंचावरची नटमंडळी हसली. काही मनापासून हसली, काही क्रोल नाटकगृहाचा मालक होता म्हणून. सेप्टिमस हार्कली खाली तिसऱ्या रांगेत मांडीवर हॅट घेऊन बसला होता. त्याने हॅटची कड बोटांनी एकदा फिरवली.

"ते पद म्हणजे तिसऱ्या अंकाचा कणा आहे," तो म्हणाला.

"कणा! अरे बाबा, तिसऱ्या अंकात लोकांना शेवटच्या बसची काळजी लागलेली असते. त्यांना तुझा कणा नको, माझं बदक हवंय."

बदक म्हणजे पेंढा भरलेले एक खरेच बदक होते. ते काखेत धरून क्रोल शिडीवर चढे आणि रस्त्यावरच्या दिव्याऐवजी बदकाची शेपटी पेटवू पाही. हा विनोद त्याने आठवड्यापूर्वी स्वतःच शोधून काढला होता. नाटकाचे नाव 'महिनाभराचा दिवेवाला'. एक उमराव पैजेखातर महिनाभर लंडनच्या गल्लीतले दिवे लावतो आणि त्या गल्लीतल्या शिक्षिकेच्या प्रेमात पडतो, एवढीच गोष्ट. उमराव अर्थातच क्रोल.

हार्कलीने नाटक लिहून दिले त्याला आता बरेच दिवस झाले होते, आणि एकेका तालमीत ते त्याच्या हातून सुटत चालले होते. न्यायाधीशाचे पद गेले, कारण त्या नटाला टाळी मिळेल अशी क्रोलला भीती वाटली. दुसऱ्या अंकातला भांडणाचा प्रवेश गेला, कारण त्यात क्रोल हरत होता. त्या जागी पदरची वाक्ये आली, छत्री आली, बदक आले. हार्कलीने प्रत्येक वेळी हरकत घेतली आणि प्रत्येक वेळी क्रोलने ती सगळ्यांसमोर उडवून लावली. आता जे उरले होते त्यात आपले काय आहे, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता आले नसते.

"चला, शेवट घ्या," क्रोल ओरडला.

मिस डल्सी वेन पुढे आली. शिक्षिकेचे काम ती करीत होती. त्या कामाला तिचे वय थोडे जास्त होते, पण दिव्यांच्या उजेडात ते कळत नसे. शाळेच्या त्या डुगडुगत्या टेबलाला वळसा घालून ती रंगमंचाच्या कडेपर्यंत आली आणि रिकाम्या खुर्च्यांना उद्देशून म्हणाली:

"आता निरोप घेते, मायबाप. जाता जाता एकच सांगते— टुम-टी-टुम."

आणि ती लवून उभी राहिली.

कोणी हसले नाही. नाटकाचे शेवटचे वाक्य तालमीत म्हणायचे नसते. म्हटले की नाटक पडते, हे तिथल्या सुतारापासून केस विंचरणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना ठाऊक होते. पहिल्या प्रयोगापर्यंत नट त्या जागी तोंडाला येईल ते म्हणून वेळ मारून नेत. हार्कली तर ते वाक्य नाटकाच्या प्रतीतही लिहीत नसे. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी ते म्हणणाऱ्याच्या कानात सांगायचे, अशी त्याची पद्धत होती. क्रोलने त्याचे सगळे बदलले होते. हे एवढे बदलता आले नव्हते, कारण ते अजून कुठेच नव्हते.

हार्कलीने हॅट डोक्यावर ठेवली. त्या क्षणी त्याला पुष्कळ दिवसांनी बरे वाटले.

*

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी दुपारी तो डल्सीच्या खोलीत गेला. ती आरशापुढे बसून मटन चॉप खात होती. प्रयोगाआधी तिला पोटभर लागे.

"या सेप्टिमस. वाक्य आणलंत?"

हार्कलीने दार लावून घेतले. तिच्या कानाशी वाकून त्याने दोन ओळी म्हटल्या. गेली तीस वर्षे तो असेच वाकून शेवटची वाक्ये सांगत आला होता.

"हसलात ते कवीचं होतं, कंटाळलात ते क्रोलचं, ज्याचं त्याच्या पदरी घाला, माप करून तोलाचं."

डल्सीने काटा खाली ठेवला.

"हे मी म्हणू? भर नाटकात, तो शेजारी उभा असताना?"

"तूच म्हणायचं. पडदा लगेच पडतो. तो काय करणार?"

"मला उद्या काढून टाकेल."

"पहिल्या प्रयोगाची नायिका कोणी काढत नाही. आणि माझ्या शेवटच्या वाक्याला तू आजवर कधी नाही म्हटलेलं नाहीस."

"यापूर्वी ती नाटकाची वाक्यं होती," डल्सी म्हणाली. तिने हाडाभोवतीचे मांस निगुतीने कापले. "समजा, आज तो चांगलं काम करून गेला तर?"

"त्या बदकासकट?"

ती हसली, पण लगेच थांबली. "तुम्ही अजून ते 'कॉर्निश राणी'चंच घेऊन बसला आहात."

हार्कलीने तिच्या चहाच्या पेल्यावरची बशी उचलली आणि पुन्हा होती तशी ठेवली.

डेप्टफर्डच्या मेणबत्तीवाल्याचा हा मुलगा. वकिलाच्या कचेरीत मृत्युपत्रांच्या नकला करता करता त्याने नाताळच्या तमाशांसाठी पदे लिहायला सुरुवात केली. पदे गाजली. भाजीवाले ती गुणगुणू लागले, आणि ती कोणाची हे कोणालाच माहीत नव्हते. मग एकदा त्याने मनापासून, जीव ओतून एक शोकनाटक लिहिले: 'कॉर्निश राणी'. विनोद नाही, पदे नाहीत. तरुण क्रोल त्यात दूताचे छोटे काम करीत होता. पहिल्या प्रयोगानंतर लेखकाला पडद्यापुढे बोलावण्याची रीत होती. टाळ्या द्यायला बोलावत, तसेच हुर्यो उडवायलाही बोलावत. हार्कली त्या वेळी तळघरातल्या सामानाच्या खोलीत कान झाकून बसला होता. क्रोल धावत आला, "चल, बोलावतायत तुला," म्हणाला, दंडाला धरून त्याला वर घेऊन गेला आणि पाठीवर हात ठेवून त्याने त्याला पडद्याच्या फटीतून बाहेर लोटले. बाहेर गॅलरीतली माणसे उभी होती, आणि ती हुर्यो उडवीत होती. हार्कली हसऱ्या चेहऱ्याने गेला होता. ते हसू तोंडावरून काढायला त्याला किती वेळ लागला, ते वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी छापले.

तेव्हापासून तो कधी पडद्यापुढे गेला नाही. पहिल्या प्रयोगाला शेवटचा अंक सुरू झाला की तो नदीकाठच्या एका खाणावळीत जाऊन बसे आणि निकाल तिथे येणाऱ्या गाडीवानांच्या बोलण्यातून ऐके. क्रोल मोठा झाला, त्याने नाटकगृह चालवायला घेतले, आणि हार्कलीने त्याच्यासाठी नाटकांमागून नाटके लिहिली, कारण दुसरे कोणी ती घेत नव्हते. दोघे कामापुरते बोलत.

"त्याला कळलं होतं ती हुर्यो आहे म्हणून," तो आता म्हणाला.

"तुम्ही विचारलंत कधी?"

"अशा गोष्टी विचारायच्या नसतात."

डल्सीने हात पुसले आणि आरशात त्याच्याकडे पाहिले. "बरं," ती म्हणाली. "आज जाऊ नका मग खाणावळीत. विंगेत थांबा. तुमच्या तोंडचं मला बोलायला लावताय, तर ऐकायला तरी या."

*

पहिला अंक थंड गेला. दुसऱ्यात गॅलरी बोलू लागली.

"आजोबा, शिडी सांभाळा!"

"छत्री उघडा, वरून काहीतरी पडणार आहे!"

क्रोलने छत्री उघडली. त्यावर जे हसू आले ते नाटकाचे नव्हते. हार्कली डाव्या विंगेत लकेटच्या मागे उभा होता. लकेट हा तिथला प्रॉम्प्टर. मांडीवर प्रत घेऊन स्टुलावर बसण्यात त्याचे आयुष्य गेले होते. दर ओरड्याला हार्कलीच्या मनात कोणीतरी टाळी वाजवीत होते. त्याला स्वतःची थोडी लाज वाटली, पण फार नाही.

तिसऱ्या अंकात क्रोल बदक घेऊन आला. शिडीवर चढला. शेपटीशी काडी नेली.

कोणी हसले नाही. एवढ्या मोठ्या नाटकगृहात खोकलाही ऐकू आला नाही. मग वरून एक शांत आवाज आला:

"मालक, बदकालाच काम करू द्या. त्याला जमतंय."

आता मात्र सगळे नाटकगृह हसले. क्रोल शिडीवर होता. रंगाखालून त्याच्या कानांच्या पाळ्या पांढऱ्या पडलेल्या हार्कलीला दिसल्या. पुढचे वाक्य क्रोलला आठवत नव्हते. आठवायला पुढचे वाक्य नव्हतेच, तिथे सगळा बदकाचाच विनोद होता. लकेटने प्रतीत पाहिले आणि पान उलटून पुन्हा मागे आणले.

"काय सांगू याला?" तो पुटपुटला.

हार्कलीने खांदे उडवले.

क्रोलने बदक हळूच शिडीच्या वरच्या पायरीवर ठेवले. हात मोकळे केले. आणि साथीवाचून, जवळजवळ बोलल्यासारखा, तो गाऊ लागला:

"पुढे चालतो अंधारातुन
मागे उजेड ठेवित जातो;
ज्याच्या दारी दिवा लागला
त्याला मी का ठाउक होतो?"

खालच्या वादकांत चुळबुळ झाली. एकाने कागद चाळले, मग एका व्हायोलिनने त्याला गाठले, मग बाकीच्यांनी. क्रोल दुसऱ्या कडव्यात शिरला. हार्कलीचे ओठ हलत होते. क्रोल चुकेल म्हणून तो वाट पाहत होता. तिसऱ्या कडव्यात एक अवघड जागा होती, जिथे सगळे नट एक शब्द गाळत. क्रोलने तो गाळला नाही. कागद टेबलाखाली घातला होता आणि शब्द मात्र एकही सांडू दिला नव्हता.

पद संपले. मग वन्स मोअर आला. दुसऱ्यांदा गाताना क्रोलचा आवाज सुधारला होता आणि तो हातवारे करू लागला होता.

हार्कलीचा राग वितळला असता, तर ही गोष्ट निराळी झाली असती. तसे झाले नाही. त्याला वाटले, म्हणजे याला पहिल्यापासून ठाऊक होते. हे पद काय आहे ते कळत असूनही याने ते माझ्यादेखत पायाखाली घातले.

शेवट आला. सगळे रंगमंचावर गोळा झाले. डल्सी टेबलाला वळसा घालून पुढे आली. क्रोल तिच्या डाव्या हाताला, छाती काढून उभा.

"आता निरोप घेते, मायबाप," ती म्हणाली. "जाता जाता एकच सांगते—"

ती थांबली आणि तिने विंगेकडे पाहिले. तो प्रश्न होता, यात शंका नव्हती. हार्कलीने स्पष्ट, जोराने मान हलवली: म्हण.

डल्सी लोकांकडे वळली.

"टुम-टी-टुम," ती म्हणाली, आणि लवली.

पडदा पडला.

*

"काय केलंस हे?" हार्कलीने तिचे मनगट धरले होते.

"सवय हो," डल्सी म्हणाली. "इतके दिवस तेच म्हणतेय. तोंडात बसलंय अगदी."

तिला आजवर एकही वाक्य विसरताना कोणी पाहिले नव्हते. तिने हळूच मनगट सोडवून घेतले आणि हातमोजे काढू लागली.

क्रोल टोप हातात घेऊन आला. घामाने त्याचा रंग ओघळला होता. "काय वाक्य होतं ते! कोणी लिहिलं? तू?"

"कोणी नाही."

पडद्यापलीकडे गलका चालू होता. लकेट स्टुलावरून उठला. "लेखकाला बोलावतायत, साहेब."

"जा," क्रोल म्हणाला, आणि त्याने हार्कलीच्या पाठीवर हात ठेवला.

तोच हात होता. जागाही तीच, दोन खांद्यांच्या मधोमध. हार्कली जागचा हलला नाही.

"कशाला बोलावतायत?"

"मला काय ठाऊक?"

"तुला ठाऊक आहे. तेव्हाही होतं."

"तेव्हा म्हणजे कधी?" क्रोलने विचारले, मग त्याला उमगले. त्याने हात काढून घेतला. "अच्छा. म्हणजे हे आहे होय तुझ्या मनात. इतकी वर्षं?" त्याने पडद्याकडे बोट केले. "कान लाव. तूच सांग मला, काय आहे ते. लाव की!"

हार्कली पडद्याशी गेला. मखमल जाड होती, तिला आतून जाड अस्तर होते आणि त्याच्यामागे रंगवलेले दुसरे कापड. त्याने कान जवळ नेला. शेजारच्या गल्लीत कोणी कोळशाची गाडी रिकामी करावी तसा आवाज होता. एकसारखा, ठोकळ, धार नसलेला. त्यात पाय होते, घसे होते. ते काय म्हणत होते ते त्यात नव्हते. त्याने डोळे मिटून पाहिले. जन्मभर ज्याच्यासाठी लिहिले, तो आवाज त्याने या जागेवरून कधी ऐकलाच नव्हता. 'कॉर्निश राणी'च्या रात्री तो स्वतः थेट तळघरातून आला होता, आणि त्यानंतर पहिल्या प्रयोगाला शेवटपर्यंत कधी थांबलाच नव्हता.

"लकेट?" त्याने विचारले.

"चाळीस वर्षं इथे बसतोय, साहेब," लकेट म्हणाला. "अजून ओळखता येत नाही. बाहेर गेलं की कळतं."

हार्कली वळला. क्रोल रुमालाने मान पुसत होता.

"मला त्या रात्री टाळ्याच वाटल्या," क्रोल म्हणाला. "खोटं कशाला बोलू, जळफळाट झाला होता माझा. एवढंसं दूताचं काम मला, आणि टाळ्या याला! म्हटलं, जा, घे एकदाच्या." त्याने रुमाल खिशात कोंबला. "आता जातोस की मीच जाऊन सांगू लेखक मेला म्हणून?"

हार्कलीने कोट खाली ओढला. फट सापडेपर्यंत तो थोडा वेळ मखमलीत चाचपडला. कोणी पाठीवर हात ठेवला नाही. मग तो बाहेर गेला.

आधी नुसता उजेड होता. मग खालच्या रांगा दिसल्या, आणि त्यांच्यावर, थेट छतापर्यंत, गॅलरी. ती उभी होती. माणसे टोप्या हलवीत होती. एक जाडा माणूस कठड्यावर वाकून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवीत ओरडत होता, "टुम-टी-टुम! टुम-टी-टुम!" आणि आजूबाजूचे ते उचलून धरीत होते. म्हणजे टाळ्या होत्या. पण पदासाठी की त्या वाक्यासाठी, हे काही कळत नव्हते. बहुधा त्या वाक्यासाठीच असाव्यात. एवढ्या वर्षांत त्याच्या कोणत्याच ओळीवर लोक असे हसले नव्हते.

"बोला!" वरून कोणी ओरडले. "कविराज, बोला काहीतरी!"

नाटकगृह शांत होऊ लागले. हार्कली एकटा उभा होता. दोन ओळी त्याच्या जिभेवर तयार होत्या, घासूनपुसून, एक मात्रा इकडची तिकडे न होता. आता मध्ये डल्सी नव्हती. अडवणारे कोणीही नव्हते. त्याने तिरक्या नजरेने मागे पाहिले. फटीत मखमल धरून ठेवलेली क्रोलची दोन बोटे दिसत होती, नखांत शिडीचा काळा रंग गेलेला.

हार्कलीने घसा साफ केला.

"मायबाप," तो म्हणाला. त्याचा आवाज फार लहान निघाला, आणि वरच्या रांगा ऐकण्यासाठी पुढे वाकल्या. "जाता जाता एकच सांगतो."

तो थांबला. डल्सी थांबली होती त्याहून थोडा जास्तच.

"टुम-टी-टुम."

*

आत आल्यावर क्रोलने पडदा सोडला.

"काय झालं? आतून काही कळलं नाही."

"टाळ्या होत्या," हार्कली म्हणाला.

"ते मलाही कळलं असतं, वेळ लागला तरी. वाक्य विचारतोय मी. डल्सीच्या कानात तू काहीतरी सांगितलं होतंस. काय होतं खरं?"

डल्सी हातमोज्याचे एकेक बोट सरळ करीत होती. तिने मान वर केली नाही.

"तेच," हार्कली म्हणाला.

क्रोलने त्याच्याकडे जरा वेळ निरखून पाहिले. मग टोप काखेत मारला. "ठीक. तेच राहील. पद ठेवतोय मी. दुसरं कडवं मात्र उद्या काढणार. लांबतं."

"हात लावून बघ."

"माझं नाटकगृह आहे."

"कडवं माझं आहे. आणि ते बदक उद्या दिसलं तर मी ते गॅलरीला फेकून देईन."

"उद्या अकराला ये आणि फेकून दाखव."

सुतारांनी शाळेचे टेबल उचलून बाजूला नेले होते. ते होते तिथे फळ्यांवर कागदाची चौघडी पडली होती, टेबलाच्या पायाचा गोल ठसा उमटलेली. हार्कली गुडघ्यावर हात टेकून तिच्यासाठी वाकू लागला. क्रोलने तिच्यावर बूट ठेवला.

"राहू दे तिथेच," तो म्हणाला. "उद्या टेबल डुगडुगेल."